सरकारी मुराळी

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा विचारतो, "साहेब, तुम्ही कोणत्या खात्यात होता?" मी सांगतो, "बाळंतपणाच्या." त्याचा घास हातातच राहतो. तो माझ्या मिशांकडे बघतो आणि पुढचं काही विचारावं की नको अशा पेचात पडतो. ही गंमत मी नोकरीभर केली, निवृत्तीनंतरही सोडलेली नाही.

खरं तर मी एकही बाळंतपण केलेलं नाही. ते काम डॉक्टरांचं आणि सिस्टरांचं. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात माता आणि बाल आरोग्याच्या सरकारी कार्यक्रमांचा व्यवस्थापक होतो. सरकार गरोदर बाईला बरंच काही देतं. तपासणी, गोळ्या, सोनोग्राफी, दवाखान्यात न्यायला आणि बाळासकट घरी सोडायला गाडी, तिथलं जेवण. कागदावर हे सगळं फुकट आणि वेळेवर असतं. ते गावात पोचेपर्यंत तसंच राहावं, हे बघायला माझ्यासारखा माणूस लागतो. गाडी आहे पण चालक मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय. चालक आहे पण चाक बसलंय. डॉक्टर आहेत पण वीज नाही, आणि वीज आली तर स्वयंपाकाच्या बाई रुसून घरी गेल्यात. अशा वेळी ज्याला फोन येतो तो मी. सगळं सुरळीत झालं की पेढे डॉक्टरांच्या टेबलावर जातात आणि माझी कुणाला आठवणही होत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपली आठवण झाली नाही म्हणजे काम चोख झालं, असं मी धरून चालत असे.

या नोकरीत लाज सोडावी लागते. एका गावात बातमी पसरली की लोहाच्या गोळ्यांनी पोटातलं लेकरू काळं होतं. सिस्टरने समजावून पाहिलं, डॉक्टरांनी समजावलं, उपयोग शून्य. शेवटी मी त्या बायकांसमोर एक गोळी गिळली आणि आठवडाभर रोज घेत राहिलो. पुढच्या बैठकीला गेलो आणि गोळीचा काळेपणा शरीरातून नेमका कुठे जातो ते स्वानुभवाने सांगून टाकलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, एक म्हातारी तर उठून बाहेरच गेली. पण त्या दिवसापासून गोळ्या पोटात जाऊ लागल्या. घरी मात्र कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, हा किस्सा पाहुण्यांसमोर सांगायला मला कायमची बंदी घातली.

ते असो. मला सांगायचं आहे ते एका रिकाम्या खोलीबद्दल.

आमच्या तालुक्यातली काही गावं पावसाळ्यात तुटतात. ओढ्यावर फरशीचा बुटका पूल असतो, जोराचा पाऊस आला की पाणी त्याच्यावरून जातं आणि गाडी अलीकडे, बाई पलीकडे अशी गत होते. म्हणून सरकारने दवाखान्याशेजारी एक मोठी खोली मंजूर केली. ज्या गरोदर बाईला धोका आहे तिने दिवस भरायच्या आधीच तिथे येऊन राहावं, सोबत घरची एक बाई आणावी, जेवणखाण सरकारचं. खोलीला मी पिवळा रंग लावून घेतला, मच्छरदाण्या टांगल्या, न्हाणीघराला कडी बसवली. आणि एकही बाई आली नाही. श्रावण लागला तेव्हा आमच्या रखवालदाराने तिथे स्वतःच्या शेतातले मूग वाळत घातले होते.

बैठकीत वरिष्ठ म्हणाले, "जनजागृती वाढवा." आम्ही वाढवली. पोस्टरवरची बाई तालुकाभर हसत राहिली आणि खाटा रिकाम्याच राहिल्या. लोकांना माहिती नव्हती असं मुळीच नाही. त्यांना खोली ठाऊक होती, खाटा ठाऊक होत्या, मूग कुणाचे तेही ठाऊक होतं. अडत कुठे होतं ते मला वर्षामुळे कळलं.

वर्षा त्या ओढ्यापलीकडच्या एका गावची सून. पहिलंच बाळंतपण, त्यात जुळं. आमच्या सिस्टरने सांगितलं की तिचं ब्लडप्रेशर हळूहळू चढतंय. तिच्या पोटातली दोन्ही लेकरं आणि ती स्वतः, तिघांच्याही जिवाला धोका होता. पूल पाण्याखाली गेला आणि त्याच वेळी कळा सुरू झाल्या, तर कुणाच्याच हातात काही उरणार नव्हतं. मी स्वतः तिच्या घरी गेलो. तिची सासू गयाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिने मला चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सायब, पहिलं बाळंतपन माहेरचं असतंय. माहेरून न्यायला कोन आलं का? न्हाई आलं. मंग मी कशी पाठवू?"

"गाडी पाठवतो ना मी."

"गाडीच्या हाती आमी सून देत न्हाई. मानसाच्या हाती देतो."

मी धोका समजावायला लागलो तर तिने मला मध्येच थांबवलं. "मला कळतंय ते. पन उद्या तिथं काई कमीजास्त झालं, तं तिचं माहेर म्हनंल, आमाला इचारलं न्हाई, पोरगी सरकारच्या खोलीत नेऊन टाकली. माझ्या तोंडात शेन घालतील लोक. तिच्या बाजूचं कोनीतरी उभं पाहिजे."

बाई हट्टी होती, पण बोलत होती ते आमच्या मुलुखाच्या रीतीला धरून होतं. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. बहुतेक वेळा भाऊ, नाहीतर बाप, नाहीतर मामा. मुराळी आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. ती आपणहून निघाली तर टाकून दिल्यासारखं दिसतं. आम्ही खोलीला रंग लावला, पोस्टरं छापली, आणि बाईला मानाने घेऊन येणार कोण, याचा विचारच कुणी केला नव्हता.

वर्षाला भाऊ होता. दत्ता त्याचं नाव, वारंगा फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. मी तिथे गेलो. तो ट्रकच्या चाकाशी झटत होता. वर्षाचं नाव काढताच पान्हा खाली ठेवून म्हणाला, "बोलावनं आलं का त्यांचं? न्हाई ना? मंग मी काहून जाऊ?"

कारण निघालं ते असं. वर्षाच्या ओटीभरणाला हा साडी, फळं घेऊन गेला. जेवणं झाल्यावर सगळ्या पुरुष पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली आणि सख्ख्या भावाला वगळलं. पुढे गयाबाईकडून मला कळलं की टोप्या कमी पडल्या, वाटणाऱ्या पुतण्याच्या ते लक्षात आलं आणि लाजेने तो गप्प बसला. पण ही गोष्ट दत्ताला सांगायची कुणी? सासरचेही म्हणत, आम्ही काहून वाकावं. सासर बोलवीना, माहेर जाईना, आणि मध्ये ही पोर दोन जीव पोटात घेऊन बसलेली. एका टोपीपायी. मला त्या दिवशी दोघांचाही असा संताप आला की फाट्यावरचा चहा मी अर्धाच टाकून उठलो.

उठता उठता दत्ता म्हणाला, "आमची माय असती तं हे झालंच नसतं. ती समद्याइला जोडून घ्यायची."

"कुठली होती आई?"

त्याने गावाचं नाव सांगितलं आणि मी परत खाली बसलो. औंढ्याच्या अलीकडचं ते माझंच गाव. त्याची आई लक्ष्मी म्हणजे मारुतीच्या मागच्या घरातल्या तात्यांची मुलगी. गावाच्या नात्याने ती माझी बहीण. मग वर्षा कोण झाली? माझी भाची. आणि गावाचं नातं आमच्याकडे नुसतं बोलायचं नसतं, त्या नात्याने लोक सुतक पाळतात. दत्ताला मी यातलं काही बोललो नाही.

शेवटच्या श्रावणी सोमवारी सिस्टरचा फोन आला. वर्षाचे पाय सुजले होते, ब्लडप्रेशर आणखी वर गेलं होतं. तिला लगेच हलवायला हवं होतं, पण गयाबाई मुलाला घेऊन औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलेली, आणि सासू घरी नसताना वर्षा पाऊल बाहेर टाकायला तयार नव्हती. आकाश भरून आलेलं. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे अमावस्या. अमावस्येला गयाबाई सुनेला घराबाहेर पाठवणार नाही, हे मला न विचारताच ठाऊक होतं. गावात आरोग्याचं काम बघणारी आशा सेविका म्हणजे मंगलताई, तिला मी फोन लावला. दवाखान्यात न्यायची पिशवी प्रत्येक गरोदर बाईने आधीच भरून ठेवायची असते. धुतलेली लुगडी, बाळासाठी जुनं मऊ सुती कापड, आधार कार्ड, तपासणीचे कागद. मी म्हणालो, "वर्षाला म्हणावं, तुझ्या मनात यायचं असेल तर तुझ्या हाताने ती पिशवी आजच दे. आणि ती तुमच्या घरी नेऊन ठेवा."

मंगलताई हुशार. तिने काहून म्हणून विचारलंसुद्धा नाही.

घरी येऊन मी कुंदाला सांगितलं, "उद्या मला शिदोरी बांधून दे. मुराळी म्हणून जायचंय."

"ह्या वयात?" ती म्हणाली. "आणि कुणाकडे?" सगळं ऐकल्यावर मात्र सकाळी लवकर उठून तिने धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि एक खण-नारळ वर ठेवला. "रीतीने जा," म्हणाली, "साहेबासारखा जाऊ नकोस."

गाडीवर रफीकभाई होता. ओढ्याच्या फरशीवर पोरं बैल धूत होती, पाणी अजून पोटऱ्यांपर्यंतच होतं. गावात शिरलो तर जिकडेतिकडे रंगवलेली शिंगं. "साब, इन सींगां में से गाडी निकालना बोले तो आपरेशन से बी मुश्किल," असं म्हणत त्याने गाडी मारुतीच्या देवळापाशी लावली. मी शिदोरी हातात घेऊन चालत गयाबाईच्या अंगणात गेलो आणि ओसरीवर न चढता खालीच उभा राहिलो. मुराळी पाय धुवायला पाणी मिळाल्याशिवाय वर चढत नाही.

गयाबाईने माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. "हे काय सायब?"

"सायब घरी ठेवून आलो. मी वर्षाचा मामा. मुराळी मनून आलो."

शेजारच्या दोघी-तिघी भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. गयाबाईने डोळे बारीक केले. "मामा व्हय? मंग लग्नात काहून दिसले न्हाई?"

"पत्रिका कुठं आली?"

बायका फिसकन हसल्या. गयाबाई हसली नाही, पण तिने मला गाव विचारलं, आळी विचारली, तात्यांचं नाव विचारलं. मी सगळं सांगितलं. लक्ष्मी लहानपणी आम्हा पोरांची भांडणं सोडवायची, आणि ती सासरी निघाली तेव्हा वेशीपर्यंत मीही चालत गेलो होतो, तेही सांगितलं. दारात वर्षा उभी होती. आईबद्दल असं तिला कुणी कधी सांगितलं नसावं. तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गयाबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पाय धुऊन मी ओसरीवर बसलो. तिने शिदोरी देवापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, आले ते बराबर केलं. पन आज अमावस्या हाय. उद्या सकाळी पाठविते."

"अहो, काल नागनाथाला काय मागून आलात?"

"सुखरूप सुटका. दुसरं काय मागनार?"

"मग त्यानंच मला पाठवलं समजा."

"नागनाथाला अमावस्या कळत न्हाई व्हय?" गयाबाई म्हणाली. आता भिंतीपलीकडच्या बायका मला हसल्या.

मी शांतपणे म्हणालो, "अमावस्येला तिला मीही काढणार नाही. ती तर कालच निघाली. तिचं प्रस्थान कालच ठेवलंय."

जुन्या लोकांना हे सांगायला नको. ज्या दिवशी निघायचं तो दिवस चांगला नसेल, तर आदल्या चांगल्या दिवशी आपलं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात, मग पाऊल कधीही उचला. गयाबाई सुनेकडे वळली. त्या घरात वर्षाचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. ती म्हणाली, "व्हय आत्या. मीच दिली पिशवी. सोमवार होता, देवाचं नाव घेऊन दिली. मला भ्या वाटून राहिलं."

गयाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग माझ्यासमोर येऊन बसली. "मामा, न्यायला समदे येतेत. आनून सोडायला कोन येनार? गाडीवाला?"

"मी येईन."

"अन् काई झालं तं?"

"काही झालं तरी मीच येईन. तुमच्या दारात, तुमच्यासमोर उभा राहीन."

असा शब्द देणं आमच्या नियमात बसत नाही. जुळं, चढलेलं ब्लडप्रेशर, त्यात पहिली खेप, कशाचाच भरवसा नव्हता. पण त्याशिवाय ती बाई उठली नसती, आणि मला माझ्या डॉक्टरांवर विश्वास होता. गयाबाई उठली, सुनेची ओटी भरली आणि स्वतःचं लुगडं पिशवीत कोंबून सोबत निघाली. मंगलताईच्या घरून पिशवी घेतली. रंगवलेल्या शिंगांमधून रफीकभाईने गाडी अशी काढली की एकाही बैलाने मान हलवली नाही.

पिवळ्या खोलीत आलेली वर्षा ही पहिली बाई. मूग मी आदल्या दिवशीच उचलायला लावले होते. संध्याकाळी पाऊस सुरू झाला, सकाळपर्यंत फरशी पाण्याखाली गेली आणि त्या गावाची वाट बंद झाली. डॉक्टरांनी तपासून तिला हिंगोलीला न्यायला सांगितलं, आणि वाट बंद झाली असली तरी बाई अलीकडे होती. तिथे ऑपरेशन झालं. आधी मुलगी, मग मुलगा. वर्षा बरी होती. मुलगी रडली, मुलगा मात्र मुठीएवढा आणि निपचित. त्याला लगेच नवजात बाळांच्या कक्षात काचेच्या पेटीत ठेवलं. मी बाहेर बाकावर बसलो आणि माझ्या मनात गयाबाईचं अंगण यायला लागलं.

तेवढ्यात दत्ता आला. हात काळे, शर्ट ओला. माझ्यासमोर उभा राहून ओरडला, "माझ्या बहिनीचा मुराळी व्हनारे तुमी कोन?"

फाट्यापर्यंत बातमी पोचली होती तर. आपली जागा दुसऱ्याने घेतली, हे त्याला टोपीपेक्षा जास्त लागलं होतं. खरं सांगतो, त्या रागाची मी पोळ्यापासून वाट बघत होतो. मी म्हणालो, "तुझ्या आईच्या गावचा आहे, तुझाही मामाच लागतो. नेणं माझं झालं. आणून सोडायचं अजून बाकी आहे. येतोस का?"

सिस्टरने त्याला साबणाने पुन्हा पुन्हा हात धुवायला लावले, मग काचेतून भाचा दाखवला. बाहेर येऊन तो भिंतीकडे तोंड करून रडला. त्यानंतर तो रोज येत राहिला. त्या पोराने किती दिवस आमचा जीव टांगून ठेवला ते मी सांगत बसत नाही. पण एका सकाळी ते आईच्या अंगाला लागून दूध ओढायला लागलं, आणि आमच्या सिस्टरने मला फोनवर एवढंच सांगितलं, "साहेब, तुमचा भाचा खादाड निघाला."

आम्ही परत गेलो तेव्हा मुराळी दोन होते. दत्ता पुढे, मी मागे, वर्षाच्या मांडीवर मुलगी आणि गयाबाईच्या मांडीवर मुलगा. गाडी थांबताच गयाबाई घाईने उतरून आत गेली, भाकरीचा तुकडा घेऊन आली, तिघांवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग दत्ताला ओसरीवर पाटावर बसवलं. आतून टॉवेल आणि टोपी आणली आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिली. "टोपी कमी पडली व्हती रे लेकरा," ती म्हणाली, "तवाच सांगायला पायजे व्हतं." दत्ताने वाकून तिच्या पायांना हात लावला. मग ती मला म्हणाली, "मामा, तुमी बी बसा."

पुढच्या पावसाळ्यात खोली भरली. घरचे लोक आशाताईंना एकच विचारत, "न्यायला कोन येनार?" जिथे भाऊ होता तिथे भावाला गाठलं, जिथे नव्हता तिथे कुठलं तरी नातं काढून मी गेलो. शिदोऱ्या बांधून कुंदाचे हात दुखले. हे सगळं अहवालात कुठल्या रकान्यात लिहावं ते मला कधी कळलं नाही, म्हणून लिहिलं नाही, आणि जनजागृतीमुळे खोली भरली असं वर कळवलं गेलं. सगळीकडे मी वेळेत पोचलो असंही नाही. एका गावी पोचलो तेव्हा अंगणात बायका जमलेल्या होत्या आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गाडी रिकामीच परत आली. ते घर मी अजून विसरलेलो नाही, विसरायची इच्छाही नाही.

निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने शाल दिली, ती कपाटात आहे. गयाबाईची टोपी मी घालतो.

परवा वर्षाचा फोन आला. मंगलताईनंतर आता तीच त्या गावची आशा आहे. जुळी शाळेत जातात, खादाड अजून खादाडच आहे. म्हणाली, "मामा, शेजारच्या वस्तीवर एक पोरगी हाय. रक्त लई कमी हाय तिचं. सासरचे पाठवीनात. तिला माहेरचं कोनीच न्हाई. तुमी तं आता रिटायर झाले."

"मग?"

"मी जाऊ का मुराळी मनून? लोक म्हनतेत, बाई कुटं मुराळी असते का?"

मी म्हणालो, "शिदोरी घेऊन जा. पाय धुवायला पाणी येईपर्यंत वर चढू नकोस. आणि आणून सोडायचा शब्द..."

"ते ठाऊक हाय मामा," ती म्हणाली. "उद्या अमावस्या हाय. तिची पिशवी मी आजच घरी आनून ठेवली."